जयंत नारळीकर आणि त्यांच्या विज्ञानकथा: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

नारळीकर म्हणजे नक्की कोण, शास्त्रज्ञ की लेखक?

दोन्ही, आणि दोन्ही पूर्णवेळ म्हणावं इतकं काम आहे. धंद्याने खगोलशास्त्रज्ञ. विश्वाची उत्पत्ती आणि गुरुत्वाकर्षण हा त्यांचा विषय, पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक. मराठी घरांत मात्र ते जास्त ओळखले जातात ते विज्ञानकथांमुळे. जन्म १९ जुलै १९३८, कोल्हापूर. २० मे २०२५ ला पुण्यात राहत्या घरी झोपेतच गेले, वय ८६.

मला विचाराल तर त्यांच्या गोष्टींमध्ये रॉकेट, रोबो, परग्रहवासी हे सगळं असलं तरी खरा विषय वेगळाच असतो. समोर पुरावा ठेवला की माणसं त्याचं काय करतात हा. आणि गंमत म्हणजे आयुष्यभर लॅबच्या बाहेरही ते हेच तपासत राहिले, खाली ज्योतिषाच्या चाचणीचा किस्सा आहे तो वाचा.

कोल्हापूरचा जन्म, मग वाराणसी कुठून आली?

वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते, त्यामुळे लहानपण, शाळा, बीएस्सी (१९५७) सगळं तिथेच झालं. वडीलही केंब्रिजला जाऊन आलेले, आई सुमती संस्कृतच्या अभ्यासक. घरात भिंतीवर फळे लावलेले होते मुलांना लिहायला, आणि शिकायला येऊन राहिलेले मोरूमामा म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार त्यातल्या एका फळ्यावर 'जेव्हीएनसाठी चॅलेंज' असं लिहून एखादं अवघड गणित टाकून ठेवायचे. जयंताला ते सुटेपर्यंत किंवा तो हरलो म्हणेपर्यंत ते पुसायचं नाही. कोडं घालायचं, उत्तर लगेच द्यायचं नाही, ही सवय पुढे त्यांच्या गोष्टींत पण दिसते.

केंब्रिजला त्यांनी असं काय केलं की भारतात एवढी हवा झाली?

गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिला नंबर. आपल्याकडे हाच मान मिळवलेले रँग्लर परांजपे १८९९ पासून दंतकथेसारखे सांगितले जायचे त्यामुळे ह्या गोष्टीचं अप्रूप मराठी माणसाला जरा जास्तच. मग फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली पीएचडी, १९६३ मध्ये पूर्ण. आणि १९६४ मध्ये दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. सोप्या भाषेत सांगायचं तर एखाद्या वस्तूचं वस्तुमान ही तिची एकटीची मिळकत नसून विश्वातल्या बाकी सगळ्या पदार्थांमुळे तिला ते मिळतं अशी कल्पना. विश्व रिकामं केलं तर उरलेल्या एकट्या कणाला वस्तुमानच राहणार नाही. हे मुळात माख नावाच्या विचारवंताचं म्हणणं, हॉईल-नारळीकरांनी त्याला गणितात बसवलं.

पेपरांत फोटो, भारतात आले तेव्हा भाषणांना तोबा गर्दी, आणि १९६५ ला पद्मभूषण, वय वर्षं फक्त २६. स्वातंत्र्य मिळून जेमतेम सतरा-अठरा वर्षं झालेली, त्यात १९६२ च्या युद्धाची जखम ताजी, लोकांना आपला कोणीतरी जगात पुढे गेलेला हवाच होता.

पण बिग बँग चुकीचं आहे असं म्हणायचे ना ते? मग शास्त्रज्ञ म्हणून ते हरले का?

ह्याचं उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागेल.

पहिला तुकडा: हो, विरोध होता. हॉईल 'स्थिर स्थिती' विश्वाचे पुरस्कर्ते, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही, ते प्रसरण पावतं तसतसा नवा पदार्थ तयार होत राहतो. गंमत अशी की 'बिग बँग' हा शब्दही हॉईलनेच १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर वापरला, विरोधकांच्या सिद्धांताचं वर्णन करताना. १९६५ मध्ये वैश्विक पार्श्वप्रारण, म्हणजे आकाशात सगळ्या बाजूंनी येणारे मंद सूक्ष्मतरंग, सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ बिग बँगकडे गेले. नारळीकर, हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांनी १९९३ मध्ये स्थिर स्थिती सिद्धांताची सुधारलेली आवृत्ती मांडली पण ती बहुसंख्यांनी स्वीकारली नाही, आजही नाही.

दुसरा तुकडा: हरले म्हणणं मला पटत नाही, कारण त्यांचा आग्रह पर्यायी सिद्धांताची दारं बंद करू नका एवढा होता, आणि आपल्या सिद्धांताच्या विरोधातली निरीक्षणं ते लपवत नसत. त्यावर उत्तर शोधायचे, ते लोकांना अपुरं वाटायचं, पुन्हा शोधायचे. विद्यार्थ्यांना बिग बँग नीट शिकवायचे, त्यांचं कॉस्मॉलॉजीचं पाठ्यपुस्तक अनेक विद्यापीठांत वापरलं गेलं. एखाद्याने आयुष्यभर अल्पमतात राहून सभ्यपणे भांडत राहणं हे आपल्याकडे फारसं बघायला मिळत नाही.

स्टीफन हॉकिंगला त्यांनी हरवलं होतं हे खरं का?

टेबल टेनिसमध्ये, हो. १९६१ च्या एका परिषदेत. फॉरवर्ड करून करून लोकांनी त्याचं काहीही केलंय, विज्ञानाशी त्याचा संबंध नाही.

पहिली विज्ञानकथा कशी लिहिली?

हा माझा सगळ्यात लाडका किस्सा. १९७४. नारळीकर तेव्हा मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये, म्हणजे टीआयएफआरमध्ये. अहमदाबादला एका परिसंवादात कोणाचं तरी भाषण रटाळ चाललेलं, समोर कागद होतेच, तिथेच त्यांनी गोष्ट लिहायला घेतली. नाव 'कृष्णविवर'. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती, तिला पाठवायची ठरवली.

आता अडचण अशी की नाव बघून परीक्षक दबणार. म्हणून टोपणनाव घेतलं, नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं बघा, ना.वि.ज., म्हणजे ज.वि.ना. उलटं. अक्षर कोणी ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतलं. गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं जगताप कोण ते.

लोक हे फक्त नम्रपणाचं उदाहरण म्हणून सांगतात पण मला त्यात शास्त्रज्ञ दिसतो. औषधाची चाचणी घेताना कोणाला खरी गोळी दिलीय हे तपासणाऱ्याला कळू देत नाहीत, तसंच केलं त्यांनी, स्वतःच्या गोष्टीवर. त्यानंतर मुकुंदराव किर्लोस्करांनी त्यांना 'किर्लोस्कर' मासिकासाठी लिहायला लावलं आणि १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी भाषणात ह्या नव्या प्रकाराची दखल घेतली. दुर्गाबाईंनी दखल घेणं म्हणजे काय हे जुन्या वाचकांना सांगायला नको.

मग मराठीत त्याआधी विज्ञानकथा नव्हतीच?

होती की. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी पोरांच्या हातात दिला होता, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून तुरळक भाषांतरं नि गोष्टी येत होत्या. पण जगभरातल्या संशोधकांत रोज वावरणारा माणूस मराठीत, मराठी नावांची पात्रं घेऊन, मुंबई-पुण्यात घडणारी विज्ञानकथा लिहितोय हे नवीन होतं. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर ह्यांनीही त्या काळात आणि पुढे भरपूर लिहिलं, त्यांना विसरू नका. जावडेकरांच्या कथेतली माणसं तर मला नारळीकरांच्या माणसांपेक्षा जास्त जिवंत वाटतात. पण दारावरची पाटी नारळीकरांच्या नावाची लागली, आणि त्या पाटीमुळे संपादक विज्ञानकथा छापायला लागले.

सुरुवात कुठून करू? एकच गोष्ट सांगा.

'गंगाधरपंतांचे पानिपत'. डोळे झाकून.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे, पानिपतावर विचार करतायत की मराठे जिंकले असते तर काय झालं असतं, रस्त्यात अपघात होतो, आणि ते अशा जगात पोचतात जिथे मराठे खरंच जिंकलेत. पुण्याहून मुंबईला गाडीने निघाले तर लोणावळ्याच्या पुढे 'सरहद्द' नावाचं स्टेशन, तिथे परवाने तपासतात, कारण मुंबई इंग्रजांकडे आहे आणि ईस्ट इंडिया कंपनी अजून चालू आहे! भारत कधी गुलाम झालाच नाही, इंग्रजांना ठेवलंय ते सोयीपुरतं. मग हे पंत काय करतात, लायब्ररीत जातात. रडत नाहीत, घाबरत नाहीत, इतिहासाची पुस्तकं मागवून कुठल्या पानावर रस्ता फुटला ते शोधतात. आणि तो क्षण सापडतो बखरीत, विश्वासरावांना लागलेली गोळी इथे कानाजवळून निघून गेली. एवढाच फरक. १४ जानेवारी १७६१, एक गोळी दोन बोटं इकडे की तिकडे.

पुढे आझाद मैदानावर एक सभा चाललेली असते आणि स्टेजवरची अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते. पंतांनी आपल्या जगात ९९९ सभांचं अध्यक्षपद भूषवलेलं, हजारावी संधी कोण सोडेल, जाऊन बसतात आणि भाषण ठोकायला लागतात. पण ह्या जगातल्या लोकांनी अध्यक्ष, पाहुण्यांची ओळख, आभारप्रदर्शन हे प्रकार केव्हाच बंद केलेत! पब्लिक टोमॅटो आणि अंडी फेकून मारतं. नारळीकर विनोदी नव्हते असं म्हणणाऱ्यांनी हा भाग परत वाचावा, आपल्या साहित्य-सभासंस्कृतीची इतकी गोड खिल्ली क्वचितच उडवलेली असेल.

शेवटी मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना समजावतो की पुंजभौतिकीत (क्वांटम फिजिक्समध्ये) इलेक्ट्रॉन एकाच वेळी अनेक शक्यतांत असू शकतो, तशी जगंही एकापेक्षा जास्त असतील, आपण एकातच वावरतो इतकंच. पटो न पटो, पण पंतांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातलं फाटकं पान असतं. पुरावा! हीच गोष्ट 'द अ‍ॅडव्हेंचर' नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात आहे, त्यामुळे केरळपासून आसामपर्यंतच्या सीबीएसईच्या पोरांनी पानिपतावर धडा वाचलाय, आणि पुण्यातल्या बऱ्याच पोरांना तो मुळात मराठी आहे हेच माहीत नसतं.

आणि त्यानंतर?

'धूमकेतू' घ्या. कलकत्त्याचे दत्तदा, हौशी आकाशनिरीक्षक, एक धूमकेतू शोधून काढतात, त्याला त्यांचं नाव मिळतं. बायकोला धूमकेतू म्हणजे अशुभ ही काळजी. आणि मग गणितं सांगतात की हा पृथ्वीवर आदळणार. गुपचूप आंतरराष्ट्रीय मोहीम, अण्वस्त्राने त्याची दिशा बदलायची, जमतंही ते. इकडे घरी दत्तदांना कळतं की कुटुंबाने शांतीसाठी यज्ञ घातला होता, त्यामुळेच संकट टळलं असं सगळ्यांना वाटतंय. मोहीम गुप्त असल्यामुळे दत्तदांना खरं सांगताही येत नाही. गोष्ट तिथे संपते आणि आपल्याला चिडचिड होते, व्हायलाच पाहिजे.

'हिमप्रलय' मध्ये मुंबईत बर्फ पडतो. वसंत चिटणीस नावाचा शास्त्रज्ञ सांगत असतो की समुद्रांनी साठवलेली उष्णता हा आपला आधार आहे, एखादा मोठा ज्वालामुखी फुटला की संतुलन ढासळेल, कोणी ऐकत नाही. 'उजव्या सोंडेचा गणपती' मध्ये डावं-उजवं उलटं होण्याची कल्पना आहे, मोबियस पट्टी (एक पीळ देऊन टोकं जोडलेली पट्टी) माहीत असेल तर आधीच ओठांवर हसू येईल, त्यात क्रिकेटपण आहे. कादंबऱ्यांमध्ये 'वामन परत न आला' सगळ्यात चांगली असं माझं मत. जमिनीत खोल खणताना एका नष्ट झालेल्या प्रगत संस्कृतीची पेटी सापडते, तिच्यातल्या माहितीवरून रोबो बनतो, त्याचं नाव गुरू, आणि मग त्याला आपल्यासारखे आणखी हवे असतात. बळीराजाकडे तीन पावलं जमीन मागणारा बटू डोक्यात ठेवून वाचा. ऐंशीच्या दशकातलं पुस्तक आहे, आज एआयच्या बातम्या वाचताना परत काढून बघण्यासारखं. 'प्रेषित' आणि 'व्हायरस' पण वाचनीय, 'व्हायरस' थोडी जुनी वाटते कारण कॉम्प्युटर जुने झाले.

खरं सांगा, साहित्य म्हणून चांगलं आहे का हे? पात्रं फारच कागदी वाटतात.

कागदी आहेतच, नाकारण्यात अर्थ नाही. बायका बहुतेक चहा आणतात किंवा काळजी करतात, संवादांत एकजण विचारतो आणि दुसरा लेक्चर देतो, शेवटच्या पानावर सगळं उलगडून सांगितलं जातं. समीक्षकांनी हे वेळोवेळी म्हटलंय आणि बरोबरच म्हटलंय.

पण त्यांना तशी गोष्ट लिहायचीच नव्हती. एक अट बदलायची, बाकी सगळे निसर्गनियम तसेच ठेवायचे, आणि काय होतं ते प्रामाणिकपणे बघायचं, ही त्यांची पद्धत. नुसत्या जादूला किंवा राक्षसांना विज्ञानकथा म्हणायला त्यांचा विरोध असायचा. शिवाय त्यांचे गुरू हॉईल स्वतः कादंबऱ्या लिहायचे, 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ ची, म्हणजे संशोधक माणसाने गोष्टी लिहिणं ह्यात कमीपणा नाही हे त्यांनी जवळून पाहिलेलं. आणि भाषा इतकी साधी, सरळ, की सातवी-आठवीतलं पोरगं एका बैठकीत वाचून टाकतं. त्या साधेपणाची किंमत पात्रांनी मोजली असं म्हणा हवं तर.

केंब्रिज सोडून परत का आले?

१९७२ ला आले, टीआयएफआरमध्ये. तिकडे किंग्ज कॉलेजचे फेलो होते, हॉईलच्या संस्थेत सुरुवातीपासून होते, म्हणजे अडलं काहीच नव्हतं. आत्मचरित्रात ह्यावर सविस्तर लिहिलंय, 'चार नगरांतले माझे विश्व', चार नगरं म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे. तेच वाचा, कारण ह्या विषयावर इतर लोक फार भावुक होऊन लिहितात.

आयुका म्हणजे काय आणि त्यात त्यांचं काय?

पुणे विद्यापीठाच्या आवारातली खगोलशास्त्राची संस्था, १९८८ ला सुरू झाली, विद्यापीठ अनुदान आयोगाची, यश पाल यांच्या पुढाकाराने. कल्पना अशी की देशभरच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांना चांगली लायब्ररी, कॉम्प्युटर, दुर्बिणीचा वेळ मिळावा, नाहीतर छोट्या गावातला प्राध्यापक संशोधन करणार कशावर. नारळीकर २००३ पर्यंत संचालक होते. इमारत चार्ल्स कोरियांची. आत फुकोचा लंबक, आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे, आणि न्यूटनच्या घरच्या सफरचंदाच्या झाडाचं कलम सुद्धा लावलं होतं, पुण्याच्या हवेत!

मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, त्या इमारतीचं नाव पुलस्त्य. सप्तर्षींतला तारा, आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची देणगी, दोन्ही त्या नावात बसलं. कचऱ्यातून खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता कित्येक वर्षं इथेच काम करायचे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला आयुका लोकांसाठी खुली ठेवतात, पोरांना घेऊन जा, गर्दी असते पण जा.

ज्योतिषांची परीक्षा घेतली होती ती काय भानगड?

२००८, पुणे. नुसतं 'ज्योतिष थोतांड आहे' म्हणण्यापेक्षा तपासून बघू असं ठरलं, अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते आणि विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सोबत होते. २०० मुलांच्या जन्मवेळा घेतल्या, १०० हुशार विद्यार्थी आणि १०० मतिमंद मुलं. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पत्रिका, फक्त एवढं सांगा की कोणती कुठल्या गटातली. नाणं उडवलं तरी साधारण २० बरोबर यायला हव्यात. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांची उत्तरं आली. सगळ्यात जास्त बरोबर २४. सगळ्यांची सरासरी तर २० च्या खाली! एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका घेतल्या, १०२ बरोबर आल्या. नंतर हे 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं.

ह्यावर ज्योतिषी गप्प बसले असं समजू नका, चाचणीच चुकीची वगैरे झालंच. पण बघा, जगताप नावाने गोष्ट पाठवणारा आणि ही चाचणी आखणारा माणूस एकच आहे हे लगेच ओळखू येतं.

आकाशात जंतू सापडले म्हणतात, ते त्यांनीच शोधले?

एकट्याने नाही. इस्रोच्या मदतीने हैदराबादहून मोठे फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली, नारळीकर ह्या प्रकल्पाचे प्रमुख होते. २००५ च्या फेरीत सूक्ष्मजीव मिळाले, त्यातल्या तीन जाती नवीन निघाल्या, एकीला हॉईलचं नाव दिलंय, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं. जीवसृष्टी अवकाशातून आली असं हॉईल म्हणायचे, पण हे जंतू वरून आले की खालून वर गेले हे ह्यावरून सिद्ध होत नाही, आणि तसा दावा कोणी फॉरवर्ड केला तर विश्वास ठेवू नका.

मंगलाताईंबद्दल थोडं सांगा ना.

थोडं सांगून भागणार नाही, पण तरी. माहेरच्या राजवाडे, स्वतः गणितज्ञ, १९६६ ला लग्न. तीन मुली, गीता, गिरिजा, लीलावती. त्यांनी गणित सोपं करणारी पुस्तकं लिहिली, बालभारतीच्या गणित समितीचं काम केलं, आणि २०१९ मध्ये 'एकवीस' ऐवजी 'वीस एक' असंही म्हणू द्या असं पुस्तकात आलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने त्यांच्यावर विनोद केले. त्यांनी शांतपणे कारणं सांगितली, लहान मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम अवघड जातो. जुलै २०२३ मध्ये त्या गेल्या. नारळीकरांवरच्या लेखांत त्या फक्त 'अक्षर बदलून देणारी पत्नी' म्हणून येतात, हे बरं दिसत नाही.

पुरस्कार?

१९६५ पद्मभूषण, १९९६ युनेस्कोचा कलिंग पुरस्कार (विज्ञानप्रसारासाठी), २००४ पद्मविभूषण, २०१० महाराष्ट्र भूषण, २०१४ आत्मचरित्राला साहित्य अकादमी. अजून बरेच आहेत, विकिपीडियावर यादी आहे.

साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले पण आलेच नाहीत, असं का?

९४ वं संमेलन, नाशिक, डिसेंबर २०२१. कोविडमुळे आधीच पुढे ढकललेलं. सरांचं वय तेव्हा ८३, तब्येत बरी नव्हती, प्रत्यक्ष येता आलं नाही, आणि त्यावरून काहींनी टीका केली. विज्ञानकथा लिहिणारा शास्त्रज्ञ मराठी साहित्याच्या अध्यक्षपदी बसतो ही मोठी गोष्ट आपण खुर्चीच्या वादात घालवली. गंगाधरपंत वाचलेल्यांना तेव्हा काय आठवलं असेल ते वेगळं सांगत नाही.

त्यांना पत्र लिहिलं की उत्तर यायचं हे खरं?

खरं. सही मागायला पोरं गर्दी करायची, तर म्हणायचे की एका पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न विचारून पाठव, मी उत्तर लिहून खाली सही करीन. ढिगाने कार्डं यायची. सहीपेक्षा प्रश्न डोक्यात येणं अवघड हे त्या पोरांना तेव्हाच कळलं असणार.

पुस्तकं अजून मिळतात का, आणि मराठी नीट येत नाही अशा मुलांना काय देऊ?

मिळतात. 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आणि 'चार नगरांतले माझे विश्व' मौजेची, 'आकाशाशी जडले नाते' राजहंसचं. ते शेवटचं गोष्टींचं नाही, खगोलशास्त्राचं आहे, जाड आहे, पण दहावीनंतरच्या मुलाला झेपतं. परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी 'द रिटर्न ऑफ वामन' इंग्रजीत आहे, हिंदीतही त्यांचं बरंच साहित्य आहे. पण घरात कोणी मराठी वाचणारं असेल तर गंगाधरपंत मोठ्याने वाचून दाखवा, तासाभरात होते गोष्ट, आणि मधेच पोरगं विचारणार की विश्वासराव कोण, तर पानिपताची तयारी आधी करून ठेवा.